भिंतीवरचे चित्र कोणाचे? स्थानिक चित्रकारांच्या प्रदर्शनाविषयी



अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ड्रॉइंग शीटचा एक नियम पाठ असतो. शीटच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात 185 मि.मी. × 65 मि.मी. मापाची चौकट आखायची आणि तिच्यात शीर्षक, प्रमाण, दिनांक आणि रेखाटन करणाऱ्याचे नाव लिहायचे. या चौकटीला आपण टायटल ब्लॉक म्हणतो. ती नसली तर मी गुण कापतो. विद्यार्थी हुज्जत घालतात, "सर, ड्रॉइंग तर बरोबर आहे ना?" माझे उत्तर ठरलेले असते. ज्या ड्रॉइंगची जबाबदारी कोणाच्या नावावर नाही, त्यावरून कारखान्यात एक बोल्टसुद्धा तयार होत नाही.

असे सांगणाऱ्या मीच काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात 22 चित्रे टायटल ब्लॉकशिवाय लावली. आमचे महाविद्यालय ठाणे-पालघरच्या पट्ट्यात आहे. 'स्थानिक कला दालन' अशी कल्पना निघाली आणि संयोजक म्हणून माझे नाव लागले. जवळच्याच तालुक्यातील एक वारली चित्रकार कागदाची गुंडाळी काखेत मारून एसटीने आले. कार्यशाळेच्या इमारतीतल्या बोळात, सूचनाफलकांच्या मधल्या जागेत आम्ही चित्रे लावली. वर मोठा फलक होता. त्यावर प्रायोजकाचे नाव, प्राचार्यांचे नाव, माझे नाव. चित्रांखाली छापील चिठ्ठ्या होत्या आणि प्रत्येक चिठ्ठीवर एकच मजकूर होता: 'वारली कला'.

दुपारी काही विद्यार्थी चित्रांसमोर फोटो काढत होते. चौकटीत येणाऱ्या एका माणसाला त्यांनी "काका, जरा बाजूला व्हा" असे सांगितले. ते बाजूला झाले. चित्रे त्यांचीच होती. संध्याकाळी आवराआवर करताना त्यांनी मला विचारले, "सर, यात माझं नाव कुठंय?"

त्यांचे नाव मी येथेही देत नाही. ही गोष्ट माझ्या चुकीची आहे आणि तिच्यात त्यांचे नाव घालण्याची परवानगी मी घेतलेली नाही. नाव देणे हा जसा मान आहे, तसेच ते विचारून देणे हाही आहे. प्रस्तुत पाठात मात्र त्यांच्या प्रश्नाचा विचार करू. स्थानिक चित्रकारांची चित्रे 'मांडणे' म्हणजे नेमके काय करणे? चांगली मांडणी आणि नुसती सजावट यांतील फरक कोणत्या कसोटीवर ओळखायचा?

1. घरातली भिंत आणि बाहेरची भिंत

प्रथम एक रास्त आक्षेप पाहू. वारली चित्र ही मुळात सामूहिक परंपरा आहे, लग्नघरात चौक लिहिणाऱ्या स्त्रिया त्याखाली सही करत नाहीत, मग नावाचा आग्रह ही शहरी सवय त्यांच्यावर का लादायची, असे अनेक जण म्हणतात.

चौक म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. शेणाने सारवलेल्या आणि गेरूने लाल केलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने, काडीचे टोक ठेचून केलेल्या कुंचल्याने हे चित्र काढतात. नक्षीदार चौकटीच्या मधोमध पालघट देवी असते. हे काम सवाष्णींचे. चित्र लग्नविधीचा भाग असते. त्याशिवाय लग्न लागत नाही. पाड्यावरच्या प्रत्येकाला चौक कोणी लिहिला हे ठाऊक असते. कोणाचा हात हलका, कोणाच्या रेघा भराभर येतात, हेही ठाऊक असते. सही नसते, कारण तिची गरज नसते.

आता हेच चित्र कागदावर उतरून पाड्याबाहेर जाते. दिल्लीच्या किंवा बंगळुरूच्या भिंतीसमोर उभ्या राहणाऱ्याला तो हात ओळखता येत नाही. पाड्यावर जे सगळ्यांना माहीत होते ते वाटेत गळून पडते. म्हणून नावाची चिठ्ठी ही परंपरेवर लादलेली गोष्ट ठरत नाही. प्रवासात हरवलेली माहिती ती परत आणून देते. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे लग्नघरापुरते खरे आहे. प्रदर्शनाच्या दालनात ते लावले की त्याचा फायदा चित्रकार सोडून बाकी सगळ्यांना होतो.

2. शैलीचे नाव आणि माणसाचे नाव

जिव्या सोमा म्हसे यांचे उदाहरण घ्या. 1970 च्या दशकाच्या आरंभी हस्तकला मंडळाच्या कामासाठी चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या परिसरात गेले आणि वारली चित्रे कागदावर येऊ लागली. स्त्रियांनी लग्नापुरते काढायचे चित्र म्हसे मात्र रोज, स्वतःच्या ओढीने काढत होते. पुढे त्यांची चित्रे मुंबईच्या कलादालनांत आणि परदेशांत लागली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र शक्य असेल तर मोठ्या आकारात पाहा. हजारो बारीक रेघांनी विणलेले जाळे चित्रभर पसरते. माणूस, होडी, मासे अगदी लहान. जाळे स्थिर वाटत नाही, पाण्यात फुगलेले वाटते. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून केलेली माणसे तुम्ही रिक्षाच्या मागे, कुर्त्यावर, उड्डाणपुलाच्या खांबांवर पाहिली आहेत. तिथे बहुधा एकच दृश्य फिरून फिरून येते: तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचे वेटोळे. 'वारली कला' म्हणजे एवढेच, असे आपल्याला वाटू लागते. म्हसे यांचे जाळे त्या समजुतीत बसत नाही. एका माणसाने अनेक वर्षे एका रेघेचा पाठपुरावा केला, तेव्हा ते तयार झाले.

माझ्या 22 चिठ्ठ्यांचा खरा दोष येथे दिसतो. 'वारली कला' या दोन शब्दांनी पाहणाऱ्याला सांगितले की हे तुम्हाला आधीच माहीत आहे, पुढे चला. त्या चित्रांपैकी एकात धरणाच्या कडेला उभे असलेले विजेचे मनोरे होते, तारांवर पक्षी होते. मी स्वतः ते चित्र भिंतीवरून उतरवताना पहिल्यांदा नीट पाहिले. मी विद्युत अभियांत्रिकी शिकवतो, तरीही.

2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, मधुबनी चित्रांना ते त्याआधी 2007 मध्ये मिळाले होते. मानांकनाने शैलीच्या नावाला संरक्षण मिळते, म्हणजे कोणीही कुठेही छापलेला माल त्या नावाने विकू नये, असा त्याचा हेतू आहे. ते उपयुक्त आहे. पण ते समूहाचे आणि प्रदेशाचे मानांकन आहे. विशिष्ट चित्र कोणी काढले या प्रश्नाला ते उत्तर देत नाही. दोन्ही नावे हवीत, एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

3. पुसलेली खोली

नाव लावले म्हणजे काम संपले, असेही समजू नका. बिहारच्या मिथिला प्रदेशातील गंगादेवी यांचे उदाहरण याबाबत डोळे उघडणारे आहे.

मिथिलेत विवाहाच्या निमित्ताने नवदांपत्याच्या खोलीची भिंत चितारतात, तिला कोहबर म्हणतात. कमळ, बांबू, मासे, पोपट अशी प्रतीके तिच्यात असतात. 1966-67 च्या दुष्काळात तिथल्या स्त्रियांना कागद पुरवून उत्पन्नाचे साधन मिळवून देण्याचा प्रयत्न झाला आणि भिंतीवरची ही कला कागदावर आली. भास्कर कुलकर्णी त्या कामातही होते. गंगादेवी यांचे वैशिष्ट्य म्हणजे कचनी, म्हणजे रंग भरण्याऐवजी बारीक रेघांनी आकार उभा करण्याची पद्धत. त्यांना 1984 मध्ये पद्मश्री मिळाली. भारत महोत्सवाच्या निमित्ताने त्या अमेरिकेला गेल्या आणि परत येऊन त्यांनी तिथले रोलर कोस्टर आपल्या रेषेत काढले. पुढे कर्करोग झाला, तेव्हा रुग्णालयही चित्रात आले. विवाहाच्या भिंतीसाठी घडलेली रेषा आजारपणाबद्दल बोलू लागली. याला केवळ 'लोककला' म्हणून पुढे जाता येईल का?

याच आजारपणाच्या काळात त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात एक संपूर्ण कोहबर घर चितारले. 1991 मध्ये त्या गेल्या. सुमारे पाव शतक ती खोली लोकांनी पाहिली. 2015 मध्ये बातमी आली की नूतनीकरणाच्या कामात त्या भिंतींवरचे चित्र नष्ट झाले.

या घटनेत चित्रकर्ती अनाम नव्हती. नाव होते, पद्मश्री होती, तिच्यावर ग्रंथही लिहिला गेला होता. जागाही साधीसुधी नव्हती, देशाचे संग्रहालय होते. तरीही भिंत पांढरी झाली. मांडणीमध्ये जतनाची जबाबदारी येते, ती कोणाच्या तरी कामाच्या यादीत लिहिलेली असावी लागते. आपल्या भाषेत सांगायचे तर यंत्र बसवून भागत नाही, देखभालीचे वेळापत्रकही लागते.

कोहबर गावात दर लग्नाला नव्याने लिहितात आणि जुने विरून जाते, मग एवढे दुःख का, असे कोणी म्हणेल. गावात जुने पुसणारा हात आणि नवे लिहिणारा हात एकाच घरातले असतात. दिल्लीत पुन्हा लिहिणाऱ्या गंगादेवी नव्हत्या.

4. एकाच छताखाली

आतापर्यंत दोष पाहिले. आता एक असा प्रयत्न पाहू, ज्याच्यापासून शिकता येते. 13 फेब्रुवारी 1982 रोजी भोपाळमध्ये भारत भवन सुरू झाले. वास्तू चार्ल्स कोरिया यांची. तिथल्या 'रूपंकर' या कलासंग्रहालयाची उभारणी चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी केली. त्यांनी तरुण कलावंतांना मध्य प्रदेशातील गावोगावी पाठवून चित्रे आणि शिल्पे गोळा करवली आणि आदिवासी व लोककलावंतांचे काम शहरी आधुनिक चित्रकारांच्या कामाबरोबर एकाच संग्रहालयात आणले. दोघेही आजचे, दोघेही समकालीन, ही त्यामागची भूमिका होती. आदिवासी चित्रकार म्हणजे जुन्या काळाचा उरलेला नमुना, ही समजूत त्यांनी नाकारली.

याच शोधात पाटणगढचे तरुण परधान गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम भोपाळला आले. ठिपके आणि तुटक रेघांच्या ओळींनी प्राण्यांची आणि देवतांची शरीरे भरणारी त्यांची पद्धत इतकी स्वतःची होती, की तिला 'जनगढ कलम' असे नाव पडले. येथे शैलीच्या नावातच माणूस आला. त्यांच्या मागून पाटणगढची अनेक मुले चित्रकार झाली.

पण समीक्षकाने येथे थांबून पुढचेही पाहिले पाहिजे. 2001 मध्ये जपानमधील एका संग्रहालयात कामासाठी गेलेले असताना जनगढ यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते चाळिशीच्या आसपास होते. घरापासून हजारो मैलांवर कामाला गेलेल्या चित्रकाराची विचारपूस कोणी करायची, करार कोणत्या भाषेत असतो, परत यावेसे वाटले तर काय, हे प्रश्न त्या मृत्यूने उभे केले. भिंतीवर समान जागा मिळाली, तरी व्यवहारातली समानता वेगळी मिळवावी लागते.

5. किंमत सांगण्याची लाज

'स्थानिक चित्रकार' म्हटले की आपण लगेच आदिवासी आणि लोकचित्रांकडे वळतो. मीही या पाठात तेच केले. पण तुमच्या गावातला फलक रंगवणारा, शाळेतला चित्रकला शिक्षक, पाठ्यपुस्तकांसाठी रेखाटने करणारी तरुणी, हेही स्थानिक चित्रकारच. त्यांना समोर आणण्याची एक वेगळी रीत बंगळुरूमध्ये दिसते. कर्नाटक चित्रकला परिषद 2003 पासून जानेवारीत 'चित्र संते' भरवते. संते म्हणजे कन्नडमध्ये बाजार. कुमार कृपा रस्त्यावर चित्रकार स्वतः आपल्या चित्रांशेजारी उभे असतात, किंमत सांगतात, घासाघीस ऐकतात, विकतात.

यात उणिवा आहेत. गर्दीत एका चित्रासमोर मिनिटभरही थांबता येत नाही आणि जे पटकन आवडते ते अधिक खपते. तरीही दोन गोष्टी तिथे हमखास घडतात. चित्र कोणाचे, हे विचारावे लागत नाही, आणि पैसे थेट काढणाऱ्याच्या हातात जातात. आमच्या दालनात या दोन्हींपैकी एकही घडली नव्हती. चित्रांची किंमत लिहिणे मला अप्रशस्त वाटले होते. "तेवढीच तुमची प्रसिद्धी होईल," असे मी त्या चित्रकारांना फोनवर म्हटले होते. मंडपवाल्याला किंवा ध्वनिक्षेपकवाल्याला असे म्हणण्याचे धाडस मी कधी केलेले नाही.

6. कायदा कुठपर्यंत येतो

कॉपीराइट कायदा, 1957 यातील कलम 57 प्रमाणे कलावंताला दोन विशेष अधिकार आहेत. कृती आपली आहे असे सांगण्याचा आणि तिची मोडतोड किंवा विकृती होऊन आपल्या लौकिकाला बाध येत असेल तर हरकत घेण्याचा. चित्र किंवा त्याचे हक्क विकल्यानंतरही हे अधिकार उरतात. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेले कांस्य भित्तिशिल्प 1979 मध्ये उतरवले गेले आणि त्याची हानी झाली. ते न्यायालयात गेले. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष त्यांना परत देण्याचा आणि 5 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

मात्र याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की, कृती प्रदर्शित न करणे किंवा कलावंताचे समाधान होईल अशी प्रदर्शित न करणे, हा अधिकारभंग समजला जाणार नाही. याचा अर्थ नीट समजून घ्या. बोळातल्या सूचनाफलकांमध्ये चित्र कोंबल्याबद्दल कोणीही मला न्यायालयात खेचू शकत नाही. चांगल्या मांडणीची सक्ती कायदा करत नाही. तो भाग मांडणाऱ्याच्या विवेकावर सोडलेला आहे, म्हणजे तुमच्या-माझ्यावर.

7. मांडणीची किमान अट

तुमच्यापैकी अनेक जण पुढे महाविद्यालयात, सोसायटीत, कार्यालयात असे प्रदर्शन भरवतील. त्यासाठी वरील चर्चेतून निघणाऱ्या अटी अशा:

अ) चिठ्ठी: चित्रकाराचे नाव (त्यांनी सांगितलेल्या अक्षरांत), गाव, चित्राचे शीर्षक, वर्ष, माध्यम. शैलीचे नाव त्यानंतर. शक्य तर चित्राविषयी चित्रकाराचे एक वाक्य.

आ) उंची: चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे 150 से.मी. वर. दोन चित्रांमध्ये डोळ्याला विसावा मिळेल एवढी मोकळी जागा. जागा कमी असेल तर चित्रे कमी करा.

इ) प्रकाश: कागदावरच्या चित्रांसाठी संग्रहालये साधारण 50 लक्स, तैलचित्रांसाठी 200 लक्सच्या आसपास प्रकाश ठेवतात. थेट ऊन 1 लाख लक्सपर्यंत जाऊ शकते. खिडकीसमोर लावलेल्या कागदाचा उडालेला रंग परत येत नाही.

ई) पैसे: प्रवासखर्च, मानधन आणि विक्रीची अट आधी लेखी, चित्रकाराला वाचता येईल अशा भाषेत.

उ) परतावा आणि जतन: चित्रे कोण उतरवणार, कशात बांधणार, कायमची राहणार असतील तर कोणाच्या देखरेखीखाली, हे नावानिशी.

यातील कोणत्याही अटीला मोठा खर्च लागत नाही. पहिली अट तर एका कागदात भागते.

गेल्या वर्षी मी त्या चित्रकारांना पुन्हा फोन केला. झाल्या गोष्टीबद्दल माफी मागितली आणि पुन्हा येण्याची विनंती केली. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चित्रं देतो सर. आधी चिठ्ठी लिहून तिचा फोटो पाठवा." मी पाठवला. त्यांनी गावाच्या नावातली एक चूक काढली. ती दुरुस्त केल्यावर आठ चित्रे आली. मनोऱ्यांचे चित्र त्यात नव्हते. ते विकले गेले होते. कोणाला, ते त्यांना ठाऊक होते.

सारांश

स्थानिक चित्रकाराचे चित्र भिंतीवर लावणे ही मांडणीची सुरुवात असते. ते कोणी काढले, त्यात वेगळे काय पाहायचे, त्याचा मोबदला कोणाला मिळाला आणि उद्या ते कोण सांभाळणार, या चार प्रश्नांची उत्तरे भिंतीजवळच मिळत असतील तर ते प्रदर्शन होय. एरवी ती सजावट असते, आणि सजावट नको झाली की तिच्यावर चुना मारला जातो.

स्वाध्याय

1. तुमच्या महाविद्यालयात, बसस्थानकावर किंवा रेल्वे स्थानकावर हाताने रंगवलेले एखादे भित्तिचित्र शोधा. ते कोणी काढले याचा तपास करा. उत्तर किती जणांना विचारल्यावर मिळाले, तेही लिहा.

2. 'लोककलेला कलावंताच्या नावाची गरज नाही' या विधानाची दोन्ही बाजूंनी चर्चा करा. तुमच्या प्रदेशातील एक उदाहरण द्या.

3. एकाच शैलीतील दोन चित्रकारांची प्रत्येकी दोन चित्रे निवडा. शैलीचे नाव न वापरता त्यांच्यातील फरक 200 शब्दांत सांगा.

4. तुमच्या परिसरातील एका चित्रकाराच्या पाच चित्रांसाठी चिठ्ठ्या तयार करा. लावण्यापूर्वी त्या चित्रकाराला दाखवा आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या नोंदवा.